वाळूचे आणि लोखंडाचे ढग

माझे बाबा अडतीस वर्षं हावड्यातल्या एका छोट्या फाउंड्रीत होते, त्यातली शेवटची पंधरा वर्षं ओतकामाचे सुपरवायझर म्हणून. भट्टीतून लोखंडाचा रस बाहेर आला की त्याचा रंग बघून बाबा तापमान सांगायचे. मग कुणीतरी मीटर लावायचं आणि दहा-वीस अंशांचाच फरक निघायचा. घरी आई म्हणायची, "तुमच्या या डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. परवापासून पडदा फाटलाय, तो दिसला का?"

आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. बाबांचा जन्म भवानीपुरातला, माझाही. घरात मराठी आणि जिना उतरला की बंगाली. माझ्या न्यू टाउनच्या ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी. माझं मराठी म्हणजे स्वयंपाकघरातलं मराठी. भाजी कशी झाली, औषध घेतलं का, दार लावलं का, एवढ्यापुरतं ते मला पुरत होतं.

बाबा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत आई गेली. त्यानंतर बाबा बाल्कनीत एकच वर्तमानपत्र दुपारपर्यंत वाचत बसायचे. मी संध्याकाळी घरी आले की पान तेच उघडलेलं असायचं. मी काही बोलत नसे, तेही बोलत नसत. जेवताना रेडिओ लावून ठेवायचो.

गडियाहाटजवळ एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर आकाशाची आवड असलेल्या लोकांची एक मंडळी दर शनिवारी दुपारी जमायची. कुणीतरी व्याख्यान द्यायचं आणि मग चहा-शिंगाडे व्हायचे. बंगालात समोशाला शिंगाडा म्हणतात, आणि तो तिथे चांगला मिळायचा. खरं सांगायचं तर मी बाबांना पहिल्यांदा तिकडे नेलं ते शिंगाड्याचं आमिष दाखवून. पहिले तीन शनिवार बाबा मागच्या खुर्चीवर बसून पेंगले. चौथ्या शनिवारी एक तिशीतली बंगाली संशोधक बोलायला आली होती. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, आवाज बारीक पण ठाम. विषय होता तपकिरी बटू.

तिने सुरुवात अगदी साधी केली. वायूचा प्रचंड ढग स्वतःच्याच भाराने आत कोसळतो, गोळा होतो, दाबला जातो. दाबला गेला की मध्यभाग तापतो. वायू पुरेसा असेल तर मध्यभाग इतका तापतो की हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून हेलियम व्हायला लागतात. त्यातून उष्णता निघते आणि ती अब्जावधी वर्षं निघत राहते. तो झाला तारा. पण वायू कमी पडला तर? सुमारे पंचाहत्तर गुरू ग्रहांच्या वजनापेक्षा कमी असेल तर? गोळा होतो, तापतो, लालसर चमकतो, पण ते आतलं जळणं काही टिकून पेटत नाही. मग जन्माच्या वेळी जी ऊब मिळाली तीच खर्च करत तो निवत जातो. हाच तपकिरी बटू.

"त्यांच्यातल्या काहींवर ढग असतात," ती म्हणाली. "पण पाण्याचे नाहीत. वाळूचे आणि लोखंडाचे."

माझ्या शेजारी खुर्ची करकरली. बाबा ताठ बसले होते.

"काय म्हणालात?" त्यांनी बंगालीत विचारलं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"वाळू म्हणजे वाळूतच असतात तसले खनिजांचे बारीक कण. आणि लोखंडाचे थेंब."

"वाळू आणि लोखंड? मग ती आमची फाउंड्रीच की!"

लोक हसले. ती मात्र हसली नाही. तिने विचारलं, "तुम्ही फाउंड्रीत होता, काकू?"

बंगालीत काकाला काकू म्हणतात. बाबांना त्याची जन्मभर सवय होती, पण मला प्रत्येक वेळी हसू यायचं.

"हावड्यात. किती तापमान असतं तिथे, ढगांपाशी?"

"माझ्या अभ्यासातले आहेत त्यांच्यावर तेराशे-चौदाशे अंशांच्या आसपास."

"म्हणजे नारिंगी," बाबा म्हणाले. "पिवळ्याकडे झुकलेला नारिंगी. तेवढ्यावरच आम्ही साच्यात ओततो."

चहाच्या वेळी ती सरळ आमच्याकडे आली. शिंगाडा हातात तसाच राहिला आणि दोघं अर्धा तास बोलत उभे होते. सहा वर्षं ती संगणकावर लोखंडाच्या ढगांची गणितं मांडत होती. थेंब केवढा, किती वेगाने खाली पडतो, किती खोल गेल्यावर पुन्हा वाफ होतो. बोलता बोलता ती थोडी ओशाळून म्हणाली, "खरं सांगू का काकू, वितळलेलं लोखंड मी प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नाही. व्हिडिओतच काय ते पाहिलंय."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणी भात कधी खाल्ला नाही म्हणून सांगितलं होतं.

"बुधवारी ओततात," ते म्हणाले. "दुपारी अडीचच्या सुमाराला. याल?"

त्या बुधवारी मी रजा काढली. आम्ही तिघं बाबूघाटावरून फेरीबोटीने पलीकडे गेलो. निवृत्तीनंतर बाबा पहिल्यांदाच तिकडे चालले होते. पांढरा शर्ट, इस्त्री केलेली पँट, आणि पायांत कामावरचे जुने जाड बूट. ते त्यांनी सकाळी स्वतः पुसले होते. फेरीत ती शंका विचारत होती, बाबा उत्तरं देत होते आणि मी कठड्याला टेकून नदी बघत होते. आई गेल्यापासून बाबांना एका दमात इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

फाउंड्रीच्या फाटकात पहिल्यांदा भेटला तो एक ओतारी. त्याने बाबांना बघितलं, हातातलं टोपलं खाली ठेवलं आणि आत ओरडला, "दादा आशछे!" दादा आलेत. आतून आठ-दहा माणसं बाहेर आली. काळे हात, काळी तोंडं, हसताना फक्त दात पांढरे. कुणी बाबांच्या पायांना हात लावायला वाकलं, तर कुणी लांबूनच "चष्मा नवा का?" म्हणून विचारलं. मोतीबिंदू काढल्यानंतरचा तो चष्मा होता. मालकांनी आम्हाला पिवळ्या टोप्या दिल्या आणि भिंतीशी आखलेल्या रेषेच्या आत उभं केलं.

जमिनीवर काळ्या वाळूचे साचे ओळीने मांडलेले होते. रस्त्यावर बसवायच्या गोल झाकणांचं काम होतं. भट्टीचं तोंड उघडलं आणि लोखंड मोठ्या पळीत उतरलं. ते पातळ दुधासारखं हलत होतं, आणि इतक्या लांबूनही माझ्या गालांना झळ लागत होती. ती संशोधक टोपी सावरायलाही विसरली.

"किती?" तिने हळूच विचारलं.

बाबांनी डोळे बारीक केले. "तेराशे ऐंशी."

मीटरवाल्याने दांडा बुडवला. "तेराशे बाहत्तर!"

ओताऱ्यांनी एकच गलका केला. बाबांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

ओतून झाल्यावर साचे निवत पडले होते. एका साच्याच्या तोंडाशी उरलेलं लोखंड नारिंगीचं लाल झालं, लालाचं काळपट लाल झालं. ती तिथे किती तरी वेळ बसून राहिली. शेवटी म्हणाली, "काकू, हेच. आत भट्टी नाही, आता बाहेरून काही मिळणार नाही. फक्त निवणं. माझे सगळे असेच आहेत. कोवळे असताना असे नारिंगी, मग लाल. आणि खूप म्हातारे झाले की डोळ्यांना दिसतच नाहीत. काही तर चहाच्या कपाइतके कोमट असतात, काही त्याहून गार."

"मग तपकिरी का म्हणता? तपकिरी तर कधीच होत नाहीत."

"नाव ठेवणाऱ्यांना लालही म्हणायचं नव्हतं आणि काळंही. लाल बटू म्हणजे छोटे, पण खरे तारे असतात. तपकिरी हे आपलं मधलंच."

परतीच्या फेरीत बाबांनी तिला खरा कोड्यात टाकणारा प्रश्न विचारला. "गुरूसुद्धा स्वतःची ऊब बाहेर टाकतो, असं तुम्हीच त्या दिवशी म्हणालात. तोही जन्मल्यापासून निवतोच आहे. मग गुरू म्हणजे लहानसा तपकिरी बटूच नाही का?"

ती म्हणाली की यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहेत. काहीजण वजनाची रेघ मारतात. तेरा गुरूंच्या वर वजन गेलं तर मध्यभाग निदान जड हायड्रोजन जाळण्याइतका तापतो, थोडा काळच, पण तापतो. त्याखालचे ते ग्रह. काहीजण म्हणतात, वजन राहू द्या, जन्म बघा. ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते, तिच्यात साठत साठत जो वाढला तो ग्रह. ताऱ्यासारखा जो एकटा ढगातून कोसळून झाला तो बटू, मग वजन काहीही असो.

"पण लांबून बघून जन्म कसा कळणार?"

"पुष्कळदा कळत नाही. ताऱ्याभोवती फिरताना सापडला तर थोडा अंदाज येतो. पण ग्रहसुद्धा कधीकधी घराबाहेर फेकले जातात आणि एकटे भटकतात. अशा वेळी आम्ही लिहितो, नक्की सांगता येत नाही."

हे उत्तर बाबांना फार आवडलं. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "शिकलेला माणूस 'माहीत नाही' म्हणाला की त्याचं बाकीचं खरं मानावं."

त्यानंतरचे पाच-सहा महिने आमच्या घरात तपकिरी बटूच होते. ती संशोधक महिन्यातून दोनदा तरी यायची. बाबा तिच्यासाठी आईच्या पद्धतीने कांदेपोहे करायचे, ते दर वेळी थोडे कोरडे व्हायचे आणि ती दर वेळी दुसऱ्यांदा मागून घ्यायची. एकदा ती बोलण्याच्या ओघात म्हणाली की पुष्कळजण बटूंना अपयशी तारे म्हणतात. बाबांनी तिला तिथेच थांबवलं.

"आमच्याकडे बिघडलेल्या कास्टिंगवर खडूने फुली मारतात. का, तर त्याचं झाकण व्हायचं होतं आणि ते झालं नाही. यांचं काय व्हायचं ठरलं होतं? कुणी ठरवलं होतं?"

तिने कप खाली ठेवला. "कुणीच नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी यापुढे नाही म्हणणार."

रात्रीची भांडी आवरताना मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला ते लागलं ना? इंजिनिअरिंग अर्धवट सोडावं लागलं म्हणून?" आजोबा वारले तेव्हा बाबांनी दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलं होतं, हे आईकडून मला माहीत होतं.

"अगं, मला कशाला त्यात ओढतेस?" ते म्हणाले. "मी लोखंडाबद्दल बोलत होतो." आणि खरंच ते लोखंडाबद्दलच बोलत होते. माणसाला प्रत्येक गोष्टीत स्वतःच दिसायला हवं असं थोडंच आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

पावसाळ्यात ती परदेशी गेली. तिथल्या एका विद्यापीठात तिला दोन वर्षांचं काम मिळालं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ती आली, बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, आता हे मराठीत कुणाला तरी सांगा. माझ्याकडे तेवढं मराठी नाही."

बाबांनी ते गंभीरपणे घेतलं. आमच्या मराठी लोकांच्या गणपतीत त्या वर्षी त्यांनी भाषणासाठी वेळ मागितला. मुलांची वेशभूषा आणि महाप्रसाद यांच्यामध्ये त्यांना पाऊण तास मिळाला. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ते सांगायचे आणि मी लिहायचे, कारण त्यांचा हात थरथरायला लागला होता. त्यांना सगळं शुद्ध मराठीत हवं होतं. एकेका शब्दासाठी तासभर जायचा. श्वेत बटू हा शब्द मराठीत आहे, मग तपकिरी बटू बरोबरच. वस्तुमान म्हणायचं की वजन? संलयन म्हटलं तर कुणाला कळेल का? मी ऱ्हस्व-दीर्घ चुकवायचे आणि ते चष्मा कपाळावर सरकवून वही डोळ्यांजवळ नेऊन सुधारायचे. "वेलांटी दुसरी. पहिली नाही, दुसरी." तिशी उलटल्यावर मी माझी मातृभाषा लिहायला शिकले, ती अशी.

भाषणाच्या संध्याकाळी हॉलमध्ये पुढच्या दोन ओळींत वाघ, शिवाजी, भाजीवाली आणि एक मधमाशी अशी वेशभूषेतली मुलं बसली होती. मोठी माणसं बाहेर पानं मांडायच्या गडबडीत. बाबांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदावरच मधमाशीने हात वर केला. सात-आठ वर्षांची होती.

"आजोबा, बटू मीन्स?"

"बटू म्हणजे मुंजीतला छोटा मुलगा असतो ना, तो. म्हणजे लहान. बुटका."

"मुंज मीन्स?"

बाबा थांबले. समोरची सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. ती घरात मराठी ऐकत होती, पण शाळेत इंग्रजी आणि मैदानावर बंगाली बोलत होती. दोन महिन्यांची वही, एकेक वेलांटी, आणि ऐकणाऱ्यांना तिच्यातलं निम्मं कळणार नव्हतं.

बाबांनी वही मिटली आणि टेबलावर ठेवली. पिशवीतून घरची विजेची शेगडी काढली. ही त्यांनी कधी पिशवीत घातली ते मलाही माहीत नव्हतं.

"पाखा बंद कर, आलो बंद कर," त्यांनी कुणाला तरी पंखा आणि दिवा बंद करायला सांगितलं, आणि मग मराठी, बंगाली, हिंदी, जे तोंडात येईल त्यात बोलत राहिले. शेगडीची तार लाल झाली, नारिंगी झाली. "हा तारा. जोवर आतून करंट येतोय तोवर असाच." त्यांनी बटण बंद केलं. अंधारात तार नारिंगीची लाल झाली, लालाची काळपट. "हा आपला तपकिरी बटू. करंट नाही, आधी मिळालेली गरमी आहे. दिसतोय का?"

"नाही," मुलं ओरडली.

"मग लांबून हात धरा बघू. शिवू नका. गरम लागतंय?"

"हो!"

"म्हणजे आहे. दिसत नाही, पण आहे."

मुलं एकेक करून पुढे आली आणि हात धरून गेली. वाघ दोनदा आला. दिवे लागल्यावर मधमाशीने पुन्हा हात वर केला. "गुरूमध्ये अजून गॅस टाकला, खूप टाकला, तर तो फुगत फुगत तारा होईल?"

बाबांचा चेहरा उजळला. गुरूबद्दल असाच प्रश्न त्यांनी एकदा त्या संशोधकाला विचारला होता.

"होईल तारा, पण फुगणार नाही. गंमत तीच आहे. थंडीत गल्लीत कापूस पिंजणारा धुनुरी येतो, लेपात म्हणजे रजईत कापूस भरतो, बघितलाय? कापसावर कापूस ठेवत गेलं की खालचा दबतो. गुरूवर वायू टाकत गेलं की तोही आतून दबत जातो. पन्नास गुरूंचा वायू असलेला बटू साधारण गुरूएवढाच दिसतो, पण वजनाला पन्नासपट. दाबायलाही हद्द असते. कण एका मर्यादेपलीकडे जवळ येत नाहीत. म्हणून बटूचा मध्यभाग हवा तेवढा तापत नाही. ऐंशीच्या वर गुरू टाकलेस की मात्र पेटतो."

"ऐंशी गुरू कुठून आणायचे?"

"ते तू मोठी होऊन बघ."

तेवढ्यात चिटणीसकाका दारात आले. "आजोबा, पानं वाढलीत, आमटी निवतेय."

"निवू द्या," बाबा म्हणाले. "तेच चाललंय."

घरी येताना टॅक्सीत मी वही मांडीवर घेऊन बसले होते. "वही वायाच गेली," मी म्हणाले.

"वाया कशी? तुला लिहिता येतं आता."

ती वही नंतर आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात छापून आली. टाइप मीच केलं. बाबा त्यानंतर दोन वर्षं होते. शेवटच्या हिवाळ्यात ते फारसे बाहेर पडत नव्हते, पण तिचे ईमेल मी त्यांना वाचून दाखवायचे. नव्या दुर्बिणीतून आलेल्या एका बटूच्या प्रकाशाचा आलेख तिने पाठवला होता, आणि जिथे वाळूच्या ढगांची खूण होती तिथे बाणाने लिहिलं होतं, 'फाउंड्री'. बाबांनी तो कागद छापून मागितला आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला. ते गेल्याचं मी तिला कळवलं तेव्हा तिचा फोन आला. तिने पोहे कसे करायचे ते विचारलं. मी सांगितलं, आणि थोडे कोरडेच ठेव म्हणून बजावलं.

आता आठवतं ते त्या अंकाचं. गठ्ठा घरी आला तो रविवार होता. बाबांनी वरची प्रत उघडली, पान काढलं आणि एकदम हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. बंगाली छापखान्यात कुणीतरी माझं टाइप केलेलं 'दुरुस्त' करायची कृपा केली होती. सगळीकडे 'तपकिरी बटवे' छापलं होतं. 'बटवे निवत जातात.' 'बटव्यांवर लोखंडाचे ढग असतात.'

मी रडकुंडीला आले होते. बाबांनी कपाटातून दोन काळी पेनं काढली, एक मला दिलं आणि जेवणाच्या टेबलावर गठ्ठा सोडला. दुपारभर आम्ही समोरासमोर बसून प्रत्येक प्रतीतले बटवे खोडून बटू करत होतो. खिडकीतून शेजारच्यांच्या मोहरीच्या तेलाचा वास येत होता. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून खोडायचं काम त्यांनी घेतलं आणि लिहायचं मला दिलं.

"ऊकार कुठला?" त्यांनी मध्येच विचारलं, वर न बघता.

"दुसरा," मी म्हणाले. "दीर्घ."

"हं," बाबा म्हणाले, आणि पुढची प्रत माझ्याकडे सरकवली.